लुंबानची रेमेदियोस, तोगाशींची रेइको

माझं दुकान सुई-दोऱ्याचं. बटणं, झिपा, इलॅस्टिक, लोकर, अस्तराचं कापड. तांदळाच्या गिरणीला लागून, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, त्रेचाळीस वर्षं ते मी चालवलं. अशा दुकानात बसलं की कुणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता कळतं. पिवळी लोकर गेली की बाळ येणार, काळी बटणं गेली की कुणीतरी गेलं. तोगाशींच्या घरात सून येणार हेही मला असंच कळलं. म्हातारी किनु आली, ओली छत्री दारात झटकली आणि म्हणाली, "फुमिए-सान, शेतातल्या कामाच्या पाटलोणीचं कापड द्या. थोडं कमीच लागेल. पोरगी बुटकी आहे म्हणे."

"कुठली पोरगी?"

"लांबची आहे," एवढंच ती म्हणाली आणि कापडाचा पोत बोटांनी चाचपत राहिली.

ही १९८८ सालची गोष्ट. जपानच्या उत्तरेकडच्या आमच्या शोनाईच्या पट्ट्यात तेव्हा चाळिशीतले शेतकरी बिनलग्नाचे राहिले होते. इथल्या मुली शहरात गेल्या त्या परत आल्या नाहीत. मग कुणी मध्यस्थ फोटो घेऊन हिंडायचे, आणि वर्षाला दोन-तीन घरांत फिलिपिन्सहून सुना यायच्या. किनुचा थोरला एइकिची एक्केचाळीस वर्षांचा होता. भातशेती आणि डोंगराच्या उतारावरची पर्सिमॉनची, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या नारिंगी फळांची, बाग सांभाळायचा. माणूस वाईट नव्हता. बोलायचा मात्र इतकं कमी की त्याच्याशी बोलताना आपणच आपल्याला उत्तर देतोय असं वाटायचं.

सून आली एप्रिलमध्ये. शेतांवर अजून बर्फ होतं. चोवीस वर्षांची, सावळी, केस कमरेपर्यंत. नाव रेमेदियोस. किनुनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "एवढं नाव हाक मारेस्तोवर भात करपून जाईल," ती माझ्या दुकानात म्हणाली. "रेइको म्हणायचं ठरवलंय." दुकानातल्या बायका हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून ती सगळ्या गावाची रेइको झाली.

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी सहा-सात जणी जमायच्या. मध्ये रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली, आणि प्रत्येकीच्या मांडीवर साशिको. साशिको म्हणजे आमच्याकडचा धावदोरा. निळ्या जाड कापडाचे दोन थर घ्यायचे आणि पांढऱ्या दोऱ्यानं तांदळाच्या दाण्याएवढे टाके घालत नक्षी भरायची. आमच्या आज्यांनी ते थंडीपायी केलं, झिजलेलं कापड आणखी एक हिवाळा निघावं म्हणून. आम्ही हौसेनं करायचो. चहाच्या कपाखालचे चौकोन, रुमाल, पिशव्या. घरी कुणी वापरायचं नाही, मग एकमेकींनाच भेट द्यायचो.

किनु आमच्यात सगळ्यात जुनी आणि हात सगळ्यात सुबक. मे महिन्यात ती सुनेला घेऊन आली. रेइको दाराशी गुडघ्यांवर बसली. जपानी तिला जेमतेम वीस शब्द येत असतील. किनुनं तिच्यापुढे कापड टाकलं, पहिली ओळ घालून दाखवली आणि स्वतःच्या कामाला लागली.

अर्ध्या तासानं मी सहज वाकून पाहिलं. माझ्या तीस वर्षांच्या सवयीला जमत नव्हते असे टाके होते. एकसारखे, घट्ट नाहीत, सैल नाहीत, मागची बाजू पुढच्यासारखीच. मी सगळ्यांना दाखवलं. बायका पुढे सरकल्या. किनुनं कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि खिशातली छोटी कात्री काढून ती ओळ सरळ उसवली.

"वळणावर दोरा ओढलाय," ती म्हणाली. "परत घाल."

दोरा ओढलेला नव्हता. मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. पण दुसऱ्याच्या सासू-सुनेत कोण पडतं? रेइकोनं "हो, आई" म्हटलं आणि पुन्हा सुई ओवली. त्या वर्षी किनुनं तिचं किती काम उसवलं त्याला गणती नाही. हिवाळ्यापर्यंत रेइकोचा एकही रुमाल पुरा झाला नव्हता.

तिला भाषा येऊ लागल्यावर गोष्टी कळल्या. तिचं गाव लुंबान. तिथे घराघरात कशिदा चालतो. पुरुष लग्नाकार्यात घालतात ते पातळ, आरपार दिसणारे सदरे तिथे भरले जातात. एकदा तिनं कागदात गुंडाळलेला एक तुकडा आणला. गवताच्या वाळक्या काडीसारखा पिवळसर, आणि इतका हलका की फुंकर मारली तर उडाला असता.

"हे अननसाच्या पानांचं," ती म्हणाली.

"अननसाचं?" शेगडीपलीकडची ओकाझाकी-सान म्हणाली. जिभेनं तिखट होती ती. "म्हणजे वरातीत भूक लागली की सदराच खायचा?"

सगळ्या खो-खो हसल्या. रेइकोही हसली, जरा उशिरा. मग तिनं आम्हाला त्यातली जाळी दाखवली. कापडातले उभे-आडवे धागे सुईच्या टोकानं एकेक करून ओढून काढायचे, आणि उरलेले धागे बांधून त्यांची फुलं करायची.

किनुनं तुकडा हातात घेतलासुद्धा नाही. "चांगल्या कापडातले धागे काढायचे?" ती म्हणाली. "आमच्यात धागे घालतात बाई."

१९९० मध्ये मिसातो झाली. एइकिची मुलीसाठी वेडा झाला. शेतातून आला की हात धुऊन तिच्याजवळ बसायचा, आणि त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोलताना ऐकू यायला लागलं. रेइको तेव्हा अंगानं भरली होती. दुकानात आली की मुलीबद्दल सांगायची, जपानीत अडखळत, हातवारे करत. मला वाटलं, आता बरं चाललंय.

मिसातो चार वर्षांची झाली आणि बालवाडीचा कागद आला. आमच्याकडे बालवाडीत जाणाऱ्या मुलाच्या आईनं पिशव्या घरी शिवायच्या असतात. पुस्तकांची एक, बुटांची एक, पेल्याची एक. कागदावर मापं लिहिलेली असतात आणि आई किती चांगली आहे ते सगळं गाव त्या पिशव्यांवरून ठरवतं. रेइको कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तिला मापं वाचून दाखवली. तिनं पांढरं सुती कापड घेतलं.

"पांढरं? मळेल गं," मी म्हटलं.

"मी धुईन," ती म्हणाली.

तीन आठवडे ती पिशवी चालली होती. मुलगी झोपली की, पहाटे भात लावायच्या आधी, जमेल तेव्हा. कडेला जाळी, मध्ये तिच्याकडची पाच पाकळ्यांची फुलं, पांढऱ्यावर पांढरी. मी आयुष्यात पुष्कळ शिवणकाम पाहिलंय. तसं पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी बालवाडीच्या फाटकात एका आईनं पिशवीकडे बघून म्हटलं, "किती सुंदर हो! आम्हाला तर हात लावायची भीती वाटेल." आमच्याकडे असं म्हणतात तेव्हा कौतुक नसतं. रेइकोला ते कळलं नाही. तिनं वाकून आभार मानले. मुलांनी मात्र सरळच सांगितलं. मिसातोची पिशवी म्हणजे दवाखान्याचा पडदा. चौथ्या दिवशी मिसातोनं पिशवी रस्त्याच्या कडेच्या पाटात टाकली आणि रिकाम्या हातांनी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनु माझ्या दुकानात. "सशांच्या चित्रांचं कापड द्या. सगळ्यांच्या पोरींकडे आहे तेच."

मी कापड कापलं. एक शब्द बोलू शकले असते. म्हणू शकले असते की दोन दिवस थांबा, पोरं विसरतात. पण गिऱ्हाईक होतं, सकाळची घाई होती. किनुनं त्याच दिवशी मशीनवर पिशवी शिवली. मिसातो सशांची पिशवी घेऊन उड्या मारत गेली. पाटातून काढून धुतलेली पांढरी पिशवी पुढे कित्येक वर्षं रेइकोच्या स्वयंपाकघरात खिळ्याला होती. तिच्यात लसूण असायचा.

आणि तेव्हापासून मिसातो आईशी बाहेर बोलेनाशी झाली. शाळेच्या खेळांच्या दिवशी ती आजीला बोलवायची. "आई, तू घरीच थांब, तुला दमायला होतं," असं म्हणायची. सहा वर्षांची पोर इतकं सभ्य खोटं बोलायची.

एइकिची हिवाळ्यात कामाला बाहेर जायचा. शेतं बर्फाखाली गेली की आमच्याकडचे पुष्कळ पुरुष तोक्योकडे बांधकामावर जात, मार्चमध्ये परत येत. २००० सालच्या फेब्रुवारीत कावासाकीहून फोन आला. सकाळी तो कामगारांच्या खोलीत उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव.

किनुला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. एइकिचीचा धाकटा भाऊ सेइजी सेंदाईला असतो, तो कामातून दुसऱ्या दिवशी येणार होता. रेइको एकटी निघाली होती. माझ्या नवऱ्यानंच मला म्हटलं, "जा तिच्याबरोबर. तिला स्टेशनवरच्या पाट्याही वाचता येत नाहीत."

सगळे विधी कावासाकीलाच उरकले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा डबा तिच्या मांडीवर होता. निइगाताला गाडी बदलली. पुढे रूळ समुद्राच्या अगदी कडेनं जातात. समुद्र राखाडी होता, बर्फ आडवं येत होतं. गाडीच्या डब्यात आमच्याशिवाय दोन-तीनच माणसं.

"फुमिए-सान," ती अचानक म्हणाली, "तुम्हाला माझं नाव येतं?"

बारा वर्षं मी तिला ओळखत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला ते नीट येत नाही.

"रेमे..." मी म्हटलं.

"रेमेदियोस," ती म्हणाली. "त्याला शेवटपर्यंत येत नव्हतं. पण खोलीत दोघंच असलो की प्रयत्न करायचा. रोज वेगळं म्हणायचा." ती थोडी हसली. मग डब्यावरची गाठ सारखी करत म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मला शिवण आवडत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नऊ वर्षांची असताना मावशीनं खिडकीत बसवलं. उजेड असेपर्यंत उठायचं नाही. एक टाका चुकला तर सगळा सदरा परत. माझ्या दोन्ही मावश्यांचे डोळे पन्नाशीच्या आत गेले. म्हणून मी इथे आले. शेतात काम असेल असं ऐकलं होतं. म्हटलं बरं, शेत तरी लांबून दिसतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "मग पहिल्याच महिन्यात आईंनी सुई हातात दिली. आणि तुम्ही सगळ्या चहा पिता, हसता, टाके घालता. मी म्हणायचे, या बायकांना कुणी सांगितलं नसताना या का शिवतात?"

"मग तू गुरुवारी का यायचीस?"

"तिथे बायका बोलायच्या," ती म्हणाली. "घरात कुणी बोलत नव्हतं."

नवऱ्यामागे ती परत जाईल असं गावानं धरलं होतं. ती गेली नाही. मुलगी जपानी, त्यामुळे देशात राहायच्या कागदपत्रांचं निभावलं. भातशेती दुसऱ्याला कसायला दिली, पर्सिमॉनची बाग तिनं एकटीनं चालवली. ऑक्टोबरमध्ये शिडीवर चढून फळं काढायची, तुरटपणा जावा म्हणून दारू शिंपडून पेट्यांत भरायची. किनु खाली उभी राहून कुठलं फळ राहिलं ते दाखवायची. दोघींत प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. सवय होती.

चार-पाच वर्षांनी किनुचं डोकं जायला लागलं. आधी सुया हरवल्या, मग घराचा रस्ता. एका गुरुवारी तिनं शेगडीवरची किटली उचलून दोऱ्यांच्या खोक्यात ओतली. मग रेइकोनं तिला आणणं बंद केलं आणि स्वतःही यायची थांबली.

मग ती फक्त कापड न्यायला यायची. निळं जाड कापड आणि पांढरा दोरा, महिन्याला पुष्कळ. मला नवल वाटलं. शिवण आवडत नाही म्हणणारी बाई एवढ्या दोऱ्याचं करते काय? एकदा तिला सर्दी झाली होती म्हणून दोऱ्याची गुंडाळी मीच पोचवायला गेले.

बाहेरच्या खोलीत किनु रेइकोसमोर गुडघ्यांवर बसली होती. ऐंशी वर्षांची बाई, पाठ ताठ, दोन्ही हात चटईवर टेकलेले. तिच्यापुढे शिवलेलं कापड होतं.

"सासूबाई, माफ करा," किनु म्हणत होती. आवाज कोवळ्या पोरीचा. "ही ओळ वाकडी गेली. मी आत्ता उसवते."

रेइकोनं मला बघितलं, नजरेनंच थांबा म्हणाली. मग कापड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "हं. वाकडीच आहे. उसव."

किनुचा चेहरा एकदम निवला. कात्री घेऊन ती कोपऱ्यात गेली आणि एकेक टाका काढायला लागली, अगदी मन लावून.

मी रेइकोच्या मागे स्वयंपाकघरात गेले. मला राग आला होता, खरं सांगते. मला वाटलं ही सूड उगवतेय. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलायचं?" मी म्हटलं.

ती नाक पुसत होती. "पहिले दोन महिने मी छान म्हणत होते," ती म्हणाली. "छान झालंय, राहू दे, असं म्हणाले की त्या रडायच्या. म्हणायच्या, थट्टा करू नका सासूबाई. जेवायच्या नाहीत. एकदा कपाट उघडून आत लपून बसल्या. मग एक दिवस मी वैतागून वाईट आहे म्हटलं, तर लगेच शांत झाल्या. त्यांना कुणी कधी छान म्हटलेलंच नाही, फुमिए-सान. त्यांना ते खरं वाटत नाही."

"आणि हे टाके? तिचा हात आता चालतो?"

"त्यांचा कुठला चालतो. सकाळी मी घालते. त्यांना वाटतं आपणच घातलेत. दुपारी त्या उसवतात. काही उसवायला नसलं तर अंगातल्या कपड्यांची शिवण काढतात, हाताला जखमा करून घेतात."

मग तिनं मला विचारलं, बारीक सुया आल्यात का म्हणून, आणि पर्सिमॉनच्या चार फोडी कापून पुढे ठेवल्या. आतून म्हातारीचा आवाज येत होता. ती स्वतःशीच टाके मोजत होती.

हे सात वर्षं चाललं. सात वर्षं रेमेदियोसनं रोज सकाळी टाके घातले आणि रोज दुपारी ते निघाले. आडवी ओळ तर आडवी ओळ असंही नाही. तिनं नक्षी चुकवली नाही. भाताच्या फुलाची, ताटव्याची, शंकरपाळ्यांची, सगळ्या नक्ष्या तिनं घातल्या. मी एकदा म्हटलं, "अगं, उसवायचंच आहे तर नुसत्या रेघा मार." ती म्हणाली, "रेघा मारल्या तर त्यांना कळतं."

मधल्या काळात मिसातो बारावी होऊन तोक्योजवळ साइतामाला गेली आणि दाताच्या डॉक्टरकडे नोकरीला लागली. नववर्षाला दोन दिवस यायची. आजी तिला ओळखायची नाही, आणि आईला ती स्वतः फारशी ओळख दाखवायची नाही. रेइकोची स्वतःची आई लुंबानला वारली तेव्हा किनुला सोडून जाणं शक्य नव्हतं. सेइजीला फोन केला होता. तो म्हणाला, "वहिनी, या आठवड्यात अगदीच नाही जमणार." नंतरच्या आठवड्यात जाऊन उपयोग नव्हता.

२०१२ च्या शरदात किनु गेली. सकाळचं कापड हातातच होतं, अर्धं उसवलेलं. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि जेवणं उरकल्यावर सेइजी रेइकोपुढे चटईला कपाळ टेकवून वाकला.

"वहिनी, तुम्ही आईचं जे केलंत ते पोटच्या पोरानं केलं नसतं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. मग सरळ बसून त्यानं सांगितलं की घर पाडायचं ठरलंय. छताला आता आणखी दोन हिवाळे झेपणार नाहीत, बाग बघायला कुणी नाही. घर किनुच्या नावावर होतं, त्यामुळे त्यात वाटा रेइकोचा नव्हता, मिसातोचा होता. तिनं आधीच संमतीचा शिक्का मारून कागद पाठवला होता.

रेइकोनं मुलीला फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते. मिसातोचा आवाज मला ऐकू येत होता.

"आई, त्या घरानं तुला काय दिलं? पडू दे ना ते."

"मी कुठे राहू?" रेइकोनं विचारलं.

"कुठेही बरंच असेल त्यापेक्षा," मिसातो म्हणाली. मला वाटतं, तिला खरंच तसं वाटत होतं.

सामान आवरायला मी तीन दिवस गेले. कपाटात कापडांचा ढीग सापडला. सात वर्षांची ती निळी कापडं, पुन्हापुन्हा शिवलेली आणि उसवलेली, चाळणीसारखी विरलेली. दोरा कशातच नव्हता. उजेडाकडे धरलं तर भोकांच्या रांगा दिसायच्या आणि त्यात फुलं, पानं, सगळं ओळखू यायचं. मी म्हटलं, "यातलं एक मी नेऊ?"

"काय करायचंय? चिंध्या आहेत," ती म्हणाली आणि ती कापडं बादलीत बुडवून तिनं सगळं घर पुसून काढलं. पाडायच्या घराच्या पायऱ्यासुद्धा पुसल्या. मग ओली कापडं कचऱ्याच्या पिशवीत भरून गाठ मारली.

सेइजी देवघर सेंदाईला घेऊन गेला. घर चार दिवसांत जमीनदोस्त झालं. पर्सिमॉनची झाडं तोडायलाही कुणी आलं नाही. फळं धरतात, पडतात, आता अस्वलं उतरतात म्हणून लोक त्या बाजूला जात नाहीत.

ती साकाताला राहायला गेली. तिथल्या एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या खात्यात तिला काम मिळालं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीतून पेट्रोल पंप दिसतो. माझं दुकान मी २०१६ मध्ये बंद केलं. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी मी बसनं तिच्याकडे जाते. ती आलं घालून भाताची पेज करते, मी घरचं मुळ्याचं लोणचं नेते. टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या लागल्या असल्या तर बघतो. हरणाऱ्या पैलवानाला ती स्वतःच्या भाषेत शिव्या देते, तेवढ्यापुरती ती मला तरुण वाटते. सुई तिच्या घरात एकच आहे, बटण लावायची.

गेल्या ऑगस्टमध्ये मी गेले तर टेबलावर सेंदाईहून आलेलं पत्र पडलं होतं. तिला बोललेलं सगळं कळतं, पण असलं छापील, औपचारिक पत्र वाचता येत नाही. ते आठवडाभर तसंच होतं. मी वाचून दाखवलं. सेइजीनं कळवलं होतं की गावातली तोगाशी घराण्याची कबर त्यानं मार्चमध्येच बंद केली. तिकडे जाऊन बर्फात साफसफाई करणं आता वयामुळे जमत नाही. सगळ्यांच्या अस्थी सेंदाईच्या एका इमारतीत हलवल्या आहेत, तिथे कार्ड दाखवलं की अस्थींचा खण पुढे येतो. एइकिचीच्याही. कळवायला उशीर झाल्याबद्दल त्यानं क्षमा मागितली होती.

"मार्चमध्ये?" तिनं विचारलं.

"मार्चमध्ये."

"मी मे महिन्यात गेले होते," ती म्हणाली. "दगड काढलेला दिसला. मला वाटलं मी रांग चुकले. दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीवर फुलं ठेवून आले." तिनं पेज ढवळली. "मला दारात विचारतील, कार्ड कुठे. माझ्याकडे कार्ड नाही."

"सेइजीला मागू या. देईल तो."

"देईल. तो चांगला आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि माझं काय करतील हो, फुमिए-सान? त्या खणात माझ्यासाठी जागा धरली असेल? लुंबानला आता बहीणही नाही. मिसातोला मी विचारलं होतं. ती म्हणाली, आई, असलं अभद्र काही बोलू नकोस."

मला उत्तर सुचलं होतं. आमच्या घराची कबर गावच्या देवळामागे आहे, टेकडीवर. माझा नवरा तिथे आहे, मीही तिथेच जाणार. जागा पुष्कळ आहे. एवढंच म्हणायचं होतं की तू आमच्यात ये. पण आता घर मुलाच्या नावावर आहे, सगळं सुनेच्या हातात आहे. त्यांना विचारल्याशिवाय शब्द कसा द्यायचा? मी म्हटलं, "बघू. काहीतरी होईल." तिनं मान डोलावली आणि माझ्या वाडग्यात आणखी पेज वाढली.

बसमध्ये बसल्यावर मी ठरवलं की रात्रीच्या जेवणाला मुलाकडे विषय काढायचा. त्या दिवशी नातवाची परीक्षा होती. नंतर भाताची कापणी आली. मग सून आजारी होती. आता नोव्हेंबर संपत आलाय, डोंगरावर पांढरं दिसायला लागलंय, आणि मी अजून विचारलेलं नाही.